पंखा फिरत नाय

आक्का मला एसटी स्टँडवर दिसल्या. हातात पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी दुसऱ्या एका दवाखान्याची निळी फाईल. मला बघितल्याबरोबर त्यांनी पिशवी पदराखाली घेतली. "कसं काय डाक्तर, बरं हाय न्हवं?"

आक्का कित्येक वर्षं माझ्या पेशंट होत्या, त्याआधी माझ्या वडिलांच्या. मी म्हटलं, "बऱ्याच दिवसांत फिरकला नाहीत?"

"तुमच्याकडं लई गर्दी असती बगा."

ती फाईल ज्या दवाखान्याची होती, तिथं माझ्या दुप्पट गर्दी असते. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. गाडी लागली, त्या चढल्या, खिडकीतून हात केला. मी घरी येईपर्यंत एकच विचार करत होतो, की फाईल लपवावी असं मी काय केलंय?

(आक्कांच्या ओळखीच्या खुणा मी मुद्दाम बदलल्या आहेत. कुणाला ओळखल्यासारखं वाटलं तर ते चुकीचं समजावं.)

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात. आसपासच्या वाड्यांचं बाजाराचं गाव. घरटी एखादा तरी माणूस मुंबईला माथाडीत, मागं म्हातारी माणसं, सुना आणि पोरं. वडिलांचा दवाखाना मी पुढं चालवतोय. दोन खोल्या, बाहेर बाकं, आत मी, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. पाटीवर अजून वडिलांचं नाव आहे. कंपाउंडरही त्यांच्याच काळातले, सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. आजवर मला कुणीही तोंडावर वाईट बोललं नव्हतं. "तुमच्या हाताला गुण हाय" हेच ऐकत आलो, आणि खोटं कशाला बोलू, ते मला खरंही वाटत होतं.

कॉलेजातला एक मित्र इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर, आहे. त्याला फोनवर आक्कांचं सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे पेशंट दवाखान्यातून बाहेर पडला की त्याच्या मोबाईलवर प्रश्न जातो, अनुभव कसा होता? २०१४च्या डिसेंबरपासून तिथल्या प्रत्येक जीपीला असं विचारावं लागतं. शिवाय पेशंटचा एक गट असतो, तो डॉक्टरांबरोबर बसून दवाखान्याबद्दल बोलतो. २०१५पासून ते सरकारी आरोग्यसेवेशी होणाऱ्या करारातच आहे. मी म्हटलं, मजा आहे तुमची. तो म्हणाला, मजा कसली, लोक दोन-दोन पानं भरून शिव्या देतात.

मला तेवढ्यानं हुरूप आला. रविवारी बसून फॉर्म तयार केला. बारा प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चौकटी, "अतिशय समाधानी"पासून "अजिबात समाधानी नाही"पर्यंत. शंभर झेरॉक्स काढल्या आणि मामांकडे दिल्या.

दोन आठवड्यांत साठेक फॉर्म भरून आले. सगळे अतिशय समाधानी. मी दोन दिवस हवेत. तिसऱ्या दिवशी बायकोनं गठ्ठा चाळला आणि म्हणाली, "या सगळ्या खुणा एकाच हातच्या दिसतात." खरंच, बरोबरच्या खुणेची शेपटी प्रत्येक ठिकाणी सारखीच वर उडालेली. मामांना विचारलं. ते जराही वरमले नाहीत. म्हणाले, "लोकांकडं चष्मा नसतो, कुणाला वाचता येत न्हाई. मला म्हणायचे, मामा, तुमीच भरा. मग मी काय वाईट भरू व्हय?"

ज्या थोड्यांनी स्वतः भरले होते त्यांतही वेगळं काही नव्हतं. एका पेन्शनर गुरुजींनी शेरा लिहिला होता: "प्रश्न क्र. ७ मध्ये व्याकरणाची चूक आहे."

मग मी पेटी ठेवली. बुटाचा खोका, वरून फट पाडलेला, दाराशेजारी कॅलेंडरखाली. नाव लिहायची गरज नाही, असं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं. तीन आठवड्यांनी उघडला. गोळ्यांची रिकामी पाकिटं, एक लग्नपत्रिका, कुणा पोरानं काढलेला ट्रॅक्टर, दोन रुपयांची चार नाणी (ही दानपेटी समजून घातलेली), आणि एक चिठ्ठी. वहीच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "पंखा फिरत नाय."

मी बाहेर जाऊन बघितलं. भिंतीकडच्या बाकावरचा पंखा बंद होता. मामा म्हणाले, गेल्या उन्हाळ्यापासून. माझ्या डोक्यावरचा फिरत होता, मला कसं कळणार? आणि तेव्हा लक्षात आलं, की या खोलीतून मी रोज चार वेळा जातो, पण या बाकावर मी शेवटचा बसलो तो शाळेत असताना, वडिलांची वाट बघत.

त्या दुपारी पेशंट संपल्यावर मी बाकावर बसलो. अर्धा तास नुसता बसून राहिलो. बाकाची पाठ नको तिथं टोचते. समोरच्या भिंतीवर औषध कंपनीचं तक्ता-चित्र आहे, माणसाचं पोट उघडं केलेलं. ताप आलेल्या पोराला मांडीवर घेऊन बाई ते बघत बसत असणार. मग मामांना म्हटलं, आत जा, माझ्या खुर्चीत बसा आणि मी बोलतो तसं बोला. मामांना कामच मिळालं. हुबेहूब माझा आवाज काढून ते म्हणाले, "काय हो, परत गोळ्या बंद केल्या? कुणाला विचारून?" एकूण एक शब्द ऐकू आला. प्लायवूड छतापर्यंत गेलेलंच नाही, वर दीड फुटाची फट आहे. इतकी वर्षं मी बायकांना त्या फटीखाली विचारत होतो, पाळी कधी आली होती, अंगावरून जातं का, नवरा पितो का.

माझी पुतणी कऱ्हाडला समाजकार्य शिकते. सुट्टीला आली तेव्हा फॉर्मचा गठ्ठा बघून हसत सुटली. "काका, समाधानी आहात का, हा काय प्रश्न झाला? पाहुण्यांसमोर सुनेला विचारायचं, सासू कशी आहे? ती काय सांगणार?"

म्हटलं, मग काय विचारू? ती म्हणाली, तुम्ही विचारूच नका.

इथं मला एक जुनी गोष्ट आठवली. दवाखाना हातात घेण्याआधी मी काही वर्षं पुणे जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. २००७ साली आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. गावातली माणसं बसून आरोग्यसेवेला गुण द्यायची. चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल रंग. तो रंगीत तक्ता गावात लावला जायचा, आणि मग जनसुनवाई. मांडव, सतरंजी, माईक, आणि समोर खुर्चीत आम्ही. एक बाई उठून म्हणाली, "केंद्रात औषध असताना आमाला भाईरची चिठ्ठी दिली." मी लालबुंद. तेव्हा वाटलं, यांना कुणीतरी शिकवून उभं केलंय. पण बोलली ती खरं बोलली, हे मला त्याच संध्याकाळी स्टॉकच्या रजिस्टरात दिसलं होतं. कुणाला सांगितलं नाही, इतकंच. ती एकटी माझ्यासमोर स्टुलावर बसली असती तर "सगळं बरं हाय" म्हणाली असती. मांडवात तिच्या मागं चाळीस बायका होत्या.

आता माझ्या दोन खोल्यांच्या दवाखान्यासाठी मांडव घालणं शोभलं नसतं. पुतणीनं वेगळी वाट काढली. ती स्वतः नको, कारण गावात सगळे तिला ओळखतात. तिची एक वर्गमैत्रीण पंधरा दिवस येऊन राहिली. दवाखान्यात अजिबात बसायची नाही. मेडिकलच्या पायरीवर, स्टँडवर, रसाच्या गुऱ्हाळात बसायची. आपण कोण, कशासाठी विचारतोय, हे आधी सांगायची, नाव लिहून घ्यायची नाही, आणि नको म्हणणाऱ्याला सोडून द्यायची. प्रश्न तीनच. आज घरातून निघाल्यापासून इथंपर्यंत काय काय झालं? डॉक्टरांनी काय सांगितलं, कोणती गोळी कशाची? आणि विचारायचं राहून गेलं असं काही?

'कसं वाटलं' हा प्रश्न कुठंच नव्हता. मला ते खटकलं. मला तेच तर हवं होतं!

पंधरा दिवसांनी तिनं दोन वह्या हातात ठेवल्या. रात्री जेवण झाल्यावर वाचायला बसलो ते दोन वाजेपर्यंत. लोकांचे शब्द तिनं जसेच्या तसे उतरवले होते.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत सारखी एसटी येत होती. वरच्या वाड्यांची पहिली गाडी साडेदहाला पोचते. तोवर गावातल्या लोकांनी मामांकडे पिशव्या ठेवून चाळीस नंबर लावलेले असतात. वरच्या माणसाचा नंबर येतो सव्वा वाजता, आणि एकची परतीची गाडी गेलेली असते. पुढची सहाला. म्हणजे पाच मिनिटं माझ्याकडे आणि दिवसभर स्टँडवर, वर दिवसाची रोजी गेली. संध्याकाळचा दवाखाना मी साडेपाचला उघडायचो. सहाची गाडी गाठायची तर त्याचा उपयोग शून्य. एका माणसानं सांगितलं होतं, "आमी ताप आला की दोन दिवस बगतो. तिसऱ्या दिवशीबी ऱ्हायला तरच खाली उतरतो."

वरची माणसं आजार अंगावर काढतात, अडाणी आहेत, हे मी किती जणांना ऐकवलं असेल! वेळापत्रक मी ठरवलं होतं आणि अडाणी ती.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचताना तर घामच फुटला. मी चिठ्ठीवर गोळीपुढं १-०-१ लिहितो, आम्ही सगळेच लिहितो: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एका आजोबांनी विचारलं होतं, "एकशे एक कशाचे? गोळ्या तर दहाच दिल्या." औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असा मेडिकल कौन्सिलचा नियम २०१६ सालापासून आहे, आणि तो मी पाळतो. पण इंग्रजी कॅपिटल अक्षर आमच्या आजोबांना काय उपयोगाचं? आणखी एक बाई: "दिवसातनं तीनदा जेवल्यावर घ्या म्हनले. आमी दोनदाच जेवतो. मग तिसरी ठिवून देते." प्रतिजैविकाची तिसरी गोळी ती ठेवून देत होती, पुढच्या वेळी पोराला ताप आला तर उपयोगी पडेल म्हणून.

वहीतली सगळीच उत्तरं मान खाली घालून ऐकावीत अशी नव्हती, हेही सांगायला हवं. सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार कोणती म्हणाल? "सुई देत न्हाईत." त्याखालोखाल "अशक्तपणा असला तरी सलाईन लावत न्हाईत, भाईर पाठवत्यात". या बाबतीत मी ऐकणार नव्हतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. तेवढी तर आल्यागेल्याला दिलेल्या दोन कप चहात जाते, आणि चहा शिरेतून द्यावा लागत नाही. पण वहीमुळं एवढं कळलं, की मी आजवर नुसतं "गरज नाही" म्हणत होतो. लोक त्याचा अर्थ घेत होते, 'डॉक्टरांनी आपल्याकडं लक्ष दिलं नाही.' आता टेबलावर साखरेची बरणी आणि चमचा ठेवलाय. मोजून दाखवतो. काही जण हसतात आणि पटतं त्यांना. काही जण उठून जातात आणि समोरच्या दवाखान्यात सलाईन लावून घेतात. ते गेलेले पेशंट मला परत नकोत असं म्हणणार नाही, महिन्याच्या शेवटी हिशोब लागतोच. तरी बाटली लावलेली नाही.

पैशाचंही एक होतं. आत जाण्याआधी लोक मामांना हळूच विचारायचे, किती होत्याल? मामा म्हणायचे, बघू, डॉक्टर सांगतील. हे ऐकून दोघं उठून गेल्याचं वहीत होतं. २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून त्यांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावावी लागते. माझ्याकडे खाटा नाहीत, मला ते लागू नाही, म्हणून मी निवांत होतो. आता तपासणीचे, ड्रेसिंगचे, ईसीजीचे दर मामांच्या टेबलामागं लिहिलेत. पेंटरनं 'ड्रेसिंग'चं 'ड्रेसींग' केलं. गुरुजी येऊन सांगून गेले.

वेळा आम्ही बदलल्या. साडेदहाच्या गाडीनं येणाऱ्यांसाठी पंधरा नंबर राखून ठेवायचे आणि दुपारी चारलाच दवाखाना उघडायचा. गावातल्या लोकांनी पहिला आठवडाभर मामांचं डोकं खाल्लं. "आमी सकाळी सातला पिशवी ठिवली, आणि ह्ये आत्ता आल्यालं फुडं?" मामांना या भांडणांचा वैताग आला आणि त्यांनी परस्पर पाच नंबर कमी केले. ते मला महिन्यानं कळलं. आता दहावर तडजोड आहे.

गोळ्यांच्या पाकिटावर मेडिकलवाला सूर्य आणि चंद्र काढून देतो. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. पहिल्या दिवशी त्यानं चंद्र पूर्ण गोल काढला. एका आजीनं विचारलं, "ही पुनवंलाच घ्यायची का?" तेव्हापासून कोर काढतो.

पार्टिशनची फट बंद करायला सुतार आला, पण छत उतरतं असल्यानं ती पूर्ण बुजली नाही. मग बायकोनं माळ्यावरचा रेडिओ काढून बाहेर लावला. आकाशवाणी सुरू असली की आतलं बाहेर जात नाही. लोक गाणी ऐकायला थांबतात अशी मामांची कुरकुर आहे.

हे सगळं सोपं होतं. पैसे घालून, खिळे ठोकून होणारं. दुसऱ्या वहीच्या शेवटी एक नोंद होती. नाव नव्हतं, वय नव्हतं. रसाच्या गुऱ्हाळात भेटलेली बाई, "आता त्या दवाखान्यात जात नाही" म्हणणारी.

"डाक्तर चांगलं हाईत. पर मोट्यानं बोलत्यात. साखर वाडली म्हनून मला म्हनले, जीव द्यायचा ठरवलाय का, गोड बंद करा म्हनून कितींदा सांगायचं. माजी इहीण भाईर बसल्याली. दुसऱ्या दिवशी लेकीच्या सासरी सगळ्यांस्नी म्हाईत. सनाला गेले तर माज्या ताटात पोळी वाडली न्हाई. म्हनली, तुमाला चालत न्हाई न्हवं."

मी तो उतारा तीन-चार वेळा वाचला. जीव द्यायचा ठरवलाय का, हे वाक्य माझंच होतं. मी ते बऱ्याच जणांना म्हणतो, म्हणजे म्हणायचो. माझ्या मते त्यात माया होती. वडीलही असेच बोलायचे आणि लोक हसायचे. वडिलांच्या वेळी लोक खरंच हसत होते का, हे आता विचारणार कुणाला?

सकाळी बायकोला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "तुमचा आवाज वरच्या मजल्यावर येतो. मला विचारलं असतंत तर पंधरा दिवस पोरगी ठेवून घ्यायची गरज नव्हती."

आक्कांकडे जाऊन माफी मागावी असं मनात आलं. पुतणीनं साफ अडवलं. नाव लिहिणार नाही असा शब्द देऊन घेतलेली गोष्ट आहे, तुम्ही ओळखलंत हे तुमच्यापाशी ठेवा. तिचं बरोबर होतं. मी गेलो नाही.

आवाजाचं काम मामांकडे दिलंय. माझा सूर चढला की त्यांनी बाहेरून खोकायचं. सुरुवातीला दिवसाला सात-आठ वेळा खोकायचे. एका पेशंटनं मला हळूच सांगितलं, "डाक्तर, मामांची छाती तपासा एकदा. म्हातारं लई खोकतंय." मी त्याला खरं कारण सांगून टाकलं. आता निम्म्या गावाला माहीत आहे. मामा खोकले की आतला पेशंटही माझ्याकडं बघून हसतो आणि मला गप्प बसावं लागतं.

मृगाचा पाऊस लागला त्या आठवड्यात आक्का आल्या. बरोबर नातू, सहा वर्षांचा, मुंबईहून आलेला, अंगात ताप. मी पोराला तपासलं, घसा बघितला, पाकिटावरचे सूर्यचंद्र त्याला दाखवले. बाहेर रेडिओ चालू होता. आक्कांनी पिशवीतून पैसे काढले, मागच्या पाटीकडं बघून मोजूनच काढले. निळी फाईल तशीच पिशवीत होती, या वेळी झाकली नाही.

मी आवाज जपून विचारलं, "आणि तुमची साखर कशी आहे आक्का?"

"माजी मी तिकडंच बगते," त्या म्हणाल्या. "तुमी पोराचं बगा."